विश्लेषण : अमेरिकेची वर्दी घातली, तरी नागरिकत्व तीनदा का घ्यावे लागले? भगतसिंग थिंद यांची कहाणी आणि सैनिकाच्या आई-वडिलांचे ग्रीन कार्ड

मुलगा अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला की गावाकडच्या आई-वडिलांना आपोआप ग्रीन कार्ड मिळते, असा एक समज आहे. मुले परदेशी असलेली घरे आता पुण्या-नागपुरापुरती राहिलेली नाहीत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावातले कुटुंबही उद्या हा प्रश्न विचारू शकते. त्याचे थोडक्यात उत्तर असे : वर्दीमुळे मुलाला स्वतःचे नागरिकत्व लवकर मिळू शकते, पण आई-वडिलांचा अर्ज मुलाच्या नागरिकत्वावर उभा राहतो. सैन्यातल्या नोकरीने त्या अर्जात फार थोडा फरक पडतो.

सैनिक असणे आणि नागरिक असणे यांतले हे अंतर शंभर वर्षांपूर्वी एका पंजाबी जवानाने सोसले. त्यांचे नाव भगतसिंग थिंद. नावातल्या साम्यामुळे गोंधळ होऊ नये. १९३१ मध्ये फाशी गेलेले हुतात्मा भगतसिंग वेगळे. थिंद त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि त्यांचे जवळपास सारे आयुष्य अमेरिकेत गेले.

थिंद कोण होते?

जन्म ३ ऑक्टोबर १८९२, अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलावाँ या गावी. घर शीख आणि फौजी. वडील बूटासिंग ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत होते. शिक्षण अमृतसरच्या खालसा कॉलेजात. वीस वर्षांचे असताना पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेला निघाले आणि ४ जुलै १९१३ रोजी, म्हणजे नेमके अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सिअ‍ॅटल बंदरात उतरले.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, आणखी एक हिंदुस्थानी विद्यार्थी पोहोचला होता. तोही सुभेदाराचा मुलगा. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात आलेले भीमराव रामजी आंबेडकर. पुढे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढवल्यामुळे त्यांचे नाव या जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले. आंबेडकर आणि थिंद यांच्या वाटा एकमेकींना छेदत नाहीत, पण हा योगायोग ध्यानात ठेवावा. त्याचा संदर्भ पुढे येणार आहे.

थिंद यांच्याकडे शिष्यवृत्ती नव्हती. शिक्षण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आणि फीचे पैसे उन्हाळ्यात ओरेगन राज्यातल्या लाकडाच्या गिरण्यांत काम करून, अशी सोय त्यांनी लावली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा काही हजार हिंदुस्थानी मजूर होते. बहुतेक पंजाबी, त्यातही शीख अधिक. अमेरिकी लोक मात्र सगळ्यांना सरसकट हिंदू म्हणत.

१९१३ मध्ये याच मजुरांमधून गदर चळवळ उभी राहिली. विदर्भाचाही त्यात वाटा होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या सशस्त्र कामात पुढे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिथूनच हिंदुस्थानात परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. थिंद यांचीही या मंडळींशी ओळख होती, सहानुभूती होती. ती त्यांना पुढे महागात पडायची वेळ आली होती.

सैन्यात कसे गेले?

अमेरिका पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ मध्ये उतरली. मनुष्यबळ हवे होते आणि देशात परदेशात जन्मलेले तरुण लाखोंनी होते. त्यांना सैन्यात ओढण्यासाठी अमेरिकी संसदेने ९ मे १९१८ रोजी कायदा केला. जो परदेशी सैन्यात सेवा करेल त्याला पाच वर्षे वास्तव्याची आणि आधी इरादापत्र भरण्याची अट माफ, छावणीतच नागरिकत्वाची शपथ. लाखाहून अधिक सैनिक या मार्गाने नागरिक झाले. त्यांत बहुसंख्य युरोपीय होते.

थिंद २२ जुलै १९१८ रोजी भरती झाले. प्रशिक्षण वॉशिंग्टन राज्यातल्या कँप लुईस छावणीत. दाढी आणि पगडी कायम ठेवून अमेरिकी वर्दी घातलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. अमेरिकी सैन्यात पगडीसह सेवा करणारे ते पहिले शीख मानले जातात. ८ नोव्हेंबरला त्यांना कार्यकारी सार्जंट करण्यात आले. तीनच दिवसांनी युद्ध थांबले. युरोपच्या आघाडीवर जाण्याचा प्रसंग आलाच नाही.

नागरिकत्व चार दिवसांत कसे गेले?

९ डिसेंबर १९१८ रोजी, अंगात वर्दी असतानाच, वॉशिंग्टन राज्यात थिंद यांना नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. १३ डिसेंबरला ते रद्द झाले. कारण एकच, थिंद गोरे नाहीत. १६ डिसेंबरला ते सन्मानाने सैन्यातून मुक्त झाले. म्हणजे नागरिकत्व मिळाले तेव्हा ते सैनिक होते, आणि गेले तेव्हाही सैनिकच होते.

याचे मूळ १७९० च्या कायद्यात आहे. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला, तेव्हा ते फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांना देता येईल असे ठरवले. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस या दोन्ही खणांत बसत नव्हता. १९१८ च्या कायद्यात कोणताही परदेशी सैनिक असे शब्द होते खरे, पण ते जुन्या वंशाच्या अटीवर मात करतात की नाही, यावर वाद होता. अधिकाऱ्यांनी करत नाहीत असे धरले.

तरीही काही हिंदुस्थानी त्याआधी नागरिक झाले होते, कारण गोरा कोण हे प्रत्येक न्यायाधीश आपापल्या परीने ठरवत होता. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९१० मध्ये कायम केले. बंगालचे अक्षयकुमार मजुमदार १९१३ मध्ये नागरिक झाले. त्यामुळे थिंद यांनी पुन्हा अर्ज करणे हा वेडेपणा नव्हता.

मे १९१९ मध्ये त्यांनी शेजारच्या ओरेगन राज्यात दुसरा अर्ज दाखल केला. ज्या खात्याने आधी अडवले त्याच नागरिकत्व खात्याने इथेही विरोध केला आणि आता गदरचा मुद्दाही काढला. ब्रिटिशांविरुद्ध कट करणाऱ्यांशी यांचे लागेबांधे आहेत, मग हे निष्ठावान नागरिक कसे होणार, असा सूर होता. सॅन फ्रान्सिस्कोत गदरवाल्यांवरचा मोठा खटला १९१८ मध्येच संपला होता, त्यामुळे हा आरोप हलका नव्हता. न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी सगळे ऐकून घेतले. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा असे वाटणे म्हणजे अमेरिकेशी द्रोह नव्हे, असा कौल त्यांनी दिला. सैन्यातली सेवा थिंद यांच्या बाजूने मोजली गेली. १८ नोव्हेंबर १९२० रोजी ते दुसऱ्यांदा अमेरिकी नागरिक झाले.

सरकार अपिलात गेले. अपील न्यायालयाने वंशाचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला.

सर्वोच्च न्यायालयात काय घडले?

थिंद यांच्या वकिलांमध्ये एक नाव येते सखाराम गणेश पंडित यांचे. नावावरून मराठी वाटणारे, जन्माने अहमदाबादचे. १९१४ मध्ये ते स्वतः अमेरिकी नागरिक झाले होते आणि लॉस एंजलिसमध्ये वकिली करत होते.

थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद आज वाचताना अडखळायला होते. तेव्हाचे वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना युरोपीयांबरोबर कॉकेशियन गटात धरायचे. त्याला आर्य असण्याची आणि उच्च जातीची जोड देण्यात आली. उच्चवर्णीयांनी खालच्यांशी लग्नसंबंध ठेवले नाहीत, त्यामुळे रक्त शुद्ध राहिले, म्हणून ते गोरे, असा हा तर्क. गोऱ्यांच्या भेदभावाविरुद्ध लढताना जातीच्या भेदभावाचाच दाखला पुढे करण्यात आला. त्यातही गंमत अशी की जातिभेद न मानणाऱ्या पंथात जन्मलेला शीख माणूस न्यायालयाच्या कागदोपत्री उच्चवर्णीय हिंदू म्हणून उभा होता. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातीच्या उगमावर निबंध वाचला होता. आपल्याच जातीत लग्न करण्याची सक्ती हा जातिव्यवस्थेचा पाया आहे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. ज्या रूढीला आंबेडकर दोष म्हणून उलगडत होते, तीच थिंद यांच्या वकिलांना पुरावा म्हणून कामी येत होती. अर्थात, कायद्याने खणच दोन ठेवलेले असताना वकिलापुढे दुसरा रस्ताही फारसा नव्हता.

तीन महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयाने टाकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. रंग कितीही उजळ असला तरी गोरा म्हणजे कॉकेशियन आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही, असे तेव्हा सांगितले. थिंद यांच्या वकिलांना वाटले, आता आपला मार्ग मोकळा.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. न्यायालय एकमताने थिंद यांच्या विरोधात गेले. वंशशास्त्रज्ञ काय म्हणतात याला महत्त्व नाही, रस्त्यावरचा सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे आता ठरले. ओझावांच्या वेळी शास्त्राचा आधार घेणारे न्यायालय थिंद यांच्या वेळी लोकसमजुतीच्या बाजूला गेले. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिले होते. त्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडमधला. लहानपणी आई-वडिलांबरोबर ते अमेरिकेत आले होते.

थिंद यांच्या सैन्यातल्या सेवेचा या निकालावर काहीच परिणाम झाला नाही. न्यायालयापुढे प्रश्न वंशाचा होता, सेवेचा नव्हता. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, हिदेमित्सु टोयोटा या अमेरिकी तटरक्षक दलात अनेक वर्षे काढलेल्या जपानी माणसाच्या खटल्यात न्यायालयाने उरलासुरला संशयही संपवला. कोणताही परदेशी सैनिक या शब्दांत अशियाई सैनिक येत नाही, असे सांगून टाकले.

निकालाचे घरादारावर काय परिणाम झाले?

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांची प्रमाणपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. पन्नासहून अधिक जणांचे नागरिकत्व गेले. नागरिकत्वासोबत कॅलिफोर्नियात जमीनही जाई, कारण नागरिक होऊ न शकणाऱ्यांना तिथे शेतजमीन घेता येत नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी बायको-मुलांसह १९१५ मध्ये येऊन, ब्रिटिश प्रजा असणे सोडून अमेरिकी नागरिकत्व घेतले होते. ते गेले, दुकान गेले, हिंदुस्थानात जाऊन यायला ब्रिटिश पासपोर्ट घ्या असे सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सखाराम पंडितांवरही खटला झाला. त्यांची पत्नी गोरी अमेरिकी होती आणि तेव्हाच्या कायद्यानुसार नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचेही नागरिकत्व जात असे. पंडितांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. १९१४ मध्ये न्यायालयाने वंशाचा मुद्दा तपासूनच प्रमाणपत्र दिले, तेव्हा सरकारने अपील केले नाही, मग इतक्या वर्षांनी माझी वकिली, घर आणि पत्नीचे नागरिकत्व काढून घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारने बाकीच्यांच्या मागे लागणे सोडले. अशिलाचा खटला हरलेला वकील स्वतःचा जिंकला आणि त्यात बऱ्याच जणांना वाचवून गेला. थिंद मात्र वाचलेल्यांत नव्हते.

तिसऱ्यांदा नागरिकत्व कसे मिळाले?

थिंद देश सोडून गेले नाहीत. शीख धर्मविचार, उपनिषदे आणि अमेरिकी तत्त्वज्ञ यांची सांगड घालणारी व्याख्याने देत ते गावोगाव फिरू लागले, पुस्तके लिहू लागले. नागरिकत्व नसलेला हा माणूस अमेरिकी सभागृहांत श्रोते जमवत होता.

दरम्यान युद्धात लढलेल्या अशियाई माजी सैनिकांनी लावून धरले. त्यांत पुढे होते टोकुतारो स्लोकम, फ्रान्समध्ये लढलेले जपानी वंशाचे सार्जंट. माजी सैनिकांच्या संघटनांनीही त्यांना साथ दिली. २४ जून १९३५ रोजी कायदा झाला : पहिल्या महायुद्धात सेवा करून सन्मानाने मुक्त झालेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला वंशाच्या अटीमुळे नागरिकत्व नाकारता येणार नाही. शेकडो अशियाई सैनिकांना याचा फायदा झाला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले. या खेपेला कुणी आडवे आले नाही. पहिल्या प्रमाणपत्रानंतर अठरा वर्षे गेली होती.

वर्दीचा उपयोग शेवटी झाला. पण तो त्यांच्या एकट्यापुरता झाला, हे लक्षात घ्यायला हवे.

थिंद नागरिक झाले, मग त्यांना आई-वडिलांना आणता आले असते का?

नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग, त्यात हिंदुस्थान, बंद पट्टा ठरवला होता. १९२४ च्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र असलेल्या कोणालाही कायमचे राहण्यासाठी येण्यास मनाई केली. याच कायद्यात एकवीस वर्षांवरील अमेरिकी नागरिकाच्या आई-वडिलांना कोट्यात प्राधान्य होते. म्हणजे थिंद यांच्या बरोबरीने कँप लुईसमध्ये कवायत केलेला एखादा इटालियन किंवा पोलिश जवान नागरिक झाल्यावर आईला बोलावण्यासाठी रांगेत उभा राहू शकत होता. थिंद यांच्या घरच्यांसाठी रांगच नव्हती. १९३५ च्या कायद्याने सैनिकाच्या अंगचा वंशाचा अडसर काढला, पण अमृतसरमध्ये बसलेल्या नातेवाइकांचा तसाच ठेवला.

तो निघायला पुढची तीस वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सेवेत असलेल्या सैनिकांसाठी वंशाची अट पुन्हा दूर केली गेली. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, सोबत वर्षाला फक्त शंभर जणांचा कोटा. नागरिकांचे आई-वडीलही याच शंभरांत मोजले जायचे. १९५२ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातून वंशाची अट पूर्णपणे गेली. अखेर ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाचे आई-वडील कोट्याच्या बाहेर काढले गेले. त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा उरली नाही. आजही ग्रीन कार्डसाठीची हीच तरतूद लागू आहे.

थिंद यांनी हा बदल पाहिला. १९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केले, संसार लॉस एंजलिसला थाटला, शेवटपर्यंत व्याख्याने दिली. १५ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत खानखोजे नागपुरात वारले होते. ओरेगनच्या दिवसांनंतर मेक्सिकोत आयुष्य काढलेल्या खानखोजेंना मायदेशी परत येता आले ते स्वातंत्र्यानंतरच.

आज कोंढ्यातल्या आई-वडिलांसाठी नियम काय?

समजा, कोंढ्याचा एक तरुण नागपुरात इंजिनीअर झाला आणि अमेरिकेत गेला. शिक्षणाच्या किंवा एच-१बी व्हिसावर असताना तो सैन्यात जाऊ शकत नाही; साधारणपणे ग्रीन कार्ड आधी लागते. काही विशिष्ट भाषा जाणणाऱ्या आणि वैद्यकीय कौशल्य असलेल्या व्हिसाधारकांना थेट भरती करणारी एक योजना होती, पण २०१६ पासून ती बंद आहे.

ग्रीन कार्ड घेऊन तो भरती झाला, तर इथे वर्दीचा खरा लाभ आहे. एरवी पाच वर्षे वाट पाहावी लागते. शांततेच्या काळात एक वर्षाच्या सन्माननीय सेवेवर अर्ज करता येतो. युद्धकाळ म्हणून जाहीर केलेल्या काळात एक वर्षाचीही अट नाही, आणि सप्टेंबर २००१ पासूनचा काळ तसाच धरला जातो. सेवा सन्माननीय असल्याचा सैन्याचा दाखला मात्र हवा. एन-४०० या अर्जाची फी सैनिकाला पडत नाही. थिंद यांच्या कथेची आठवण करून देणारे एक कलमही आहे : सेवेच्या जोरावर घेतलेले नागरिकत्व, पाच वर्षांची सन्माननीय सेवा पूर्ण होण्याआधी बडतर्फीसारख्या कारणाने बाहेर पडल्यास, काढून घेता येते.

मुलाच्या हाती नुसते ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही, तो गणवेशात असला तरी. नागरिक झाल्यावरही त्याचे वय २१ पूर्ण लागते आणि या वयाच्या अटीत सैनिकाला सूट नाही. मग आय-१३० अर्ज, आई आणि वडील यांच्यासाठी वेगवेगळा. या अर्जात सोबतच्या धाकट्या भावंडाला जोडता येत नाही.

खर्च पेलण्याची हमी म्हणून आय-८६४ भरावा लागतो. मुलाचे उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वा पट असावे लागते. सेवेतल्या सैनिकाला सव्वा पटीऐवजी दारिद्र्यरेषेइतके उत्पन्न पुरते, अशी सवलत आहे, पण ती पती-पत्नी आणि मुलांसाठी. आई-वडिलांना लागू नाही. नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडते ते मुलाच्या जन्मदाखल्यावर. त्यावर आई आणि वडील दोघांची नावे हवीत आणि ती पासपोर्टवरच्या नावांशी जुळायला हवीत. आईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असे आपल्याकडे सर्रास असते. जन्माची नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्रे लागतात. ग्रामपंचायतीतले हे काम मुलगा भरती होण्याची वाट न पाहता करून ठेवता येते. मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होते.

आई-वडील आधीच अमेरिकेत असतील तर? रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपली असली, तरी २१ वर्षांवरील नागरिकाच्या आई-वडिलांना बहुधा तिथेच अर्ज करता येतो. हा लाभ सैनिक नसलेल्या नागरिकालाही आहे. तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्यांना एरवी हा रस्ता बंद असतो. फक्त त्यांच्यासाठी सैनिकांच्या कुटुंबाला एक वेगळी सोय आहे : २०१३ पासून सेवेतल्या, राखीव दलातल्या आणि माजी सैनिकांच्या जोडीदाराला, मुलांना व आई-वडिलांना देशात राहण्याची तात्पुरती परवानगी मिळू शकते आणि तिच्या आधारे पुढे ग्रीन कार्ड मागता येते. पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मिळत नाही. सरकार बदलले की अशा धोरणांचा सूर बदलतो, त्यामुळे अर्जाआधी जाणकार वकिलाला विचारलेले बरे.

सेवेमुळे आलेल्या दुखण्याने वा लढाईत नागरिक सैनिकाचा मृत्यू झाला, तर त्याचे आई-वडील दोन वर्षांच्या आत स्वतःच अर्ज करू शकतात. ही तरतूद २००३ मधली.

एक बाब भारताच्या बाजूची. अमेरिकी नागरिकत्व घेतल्याक्षणी आपल्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. बहुतेक जण मग ओसीआय कार्ड काढतात आणि हवे तेव्हा गावी येतात. परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला मात्र भारत सरकार ओसीआय देत नाही. आई-वडील ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेला गेले काय किंवा कोंढ्यातच राहिले काय, सैनिक मुलाला त्यांच्या घरी यायचे तर दर वेळी व्हिसा काढूनच यावे लागेल.